स्केटबोर्डला नंबर प्लेट कुठे लावायची?

बारावीचा शेवटचा पेपर झाला त्या संध्याकाळी भाचा पार्ल्याहून दादरला आमच्याकडे आला, तो बगलेत लांबट खोकं घेऊनच. आत इलेक्ट्रिक स्केटबोर्ड. ताईने वर्षभर आधी कबूल केलेला, आणि दाजींनी "आधी मामाला दाखव, मग सील तोड" अशी अट घातलेली. मी गेली वीस वर्षं मोटार विम्याच्या दाव्यांचे सर्व्हे करतो. त्यामुळे नातेवाइकांत कोणाकडेही चाकं असलेली वस्तू आली की निवाड्याला मला बसवतात.

"मामा, तू फक्त एवढंच सांग, शिवाजी पार्कला चालवू शकतो ना?"

सील तोडलं, बोर्ड सतरंजीवर पालथा घातला. पोटाला चंदेरी पट्टी चिकटवलेली होती. तिच्यावर मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेलं: मोटर २ × ३५० वॅट, बॅटरी ३६ व्होल्ट ७.५ अँपिअर-तास, कमाल वेग ताशी ३८ किलोमीटर. त्याच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या पट्टीवरच होतं. उरलेलं निम्मं कायद्याच्या पुस्तकात.

आधी ही वस्तू काय आहे ते बघू. साधा स्केटबोर्ड पायाने ढकलावा लागतो. याला फळीखाली लिथियम बॅटरी असते आणि मागच्या चाकांना मोटर. स्वस्त-मध्यम बोर्डांत मोटर चाकाच्या पोटातच बसवलेली असते, महागड्यांत बऱ्याचदा बाहेर असते आणि पट्ट्याने चाक फिरवते. हातात एक छोटा रिमोट. अंगठ्याने पुढे सारलं की वेग, मागे ओढलं की ब्रेक. हँडल नाही, सीट नाही. वळायचं तर शरीराचा भार त्या बाजूला टाकायचा.

आता कायदा. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्यात स्केटबोर्ड हा शब्दच नाही, आणि इथेच बहुतेकांची फसगत होते. नाव नाही म्हणजे बंदी नाही, बंदी नाही म्हणजे चालतंय, असा सरळ हिशेब पोरं मांडतात. विकणारेही तोच मांडून दाखवतात. पण कायदा वाहनांची यादी देऊन थांबत नाही, तो व्याख्या देतो. कलम २ च्या पोटकलम २८ प्रमाणे यांत्रिक शक्तीने चालणारं आणि रस्त्यावर वापरण्याजोगं असलेलं कुठलंही वाहन म्हणजे मोटार वाहन. ती शक्ती पेट्रोलची की बॅटरीची, याने फरक पडत नाही.

या व्याख्येतून सुटायच्या वाटा मोजक्या आहेत. रुळांवर धावणारं वाहन सुटतं. फक्त कारखान्यात किंवा बंदिस्त आवारात वापरायचं खास वाहन सुटतं. आणि चारपेक्षा कमी चाकं असून इंजिन २५ सीसीपर्यंतचं असेल तर ते सुटतं. ही तिसरी वाट वाचून भाचा खूश झाला होता. मी म्हटलं, चाकं मोज. चार! स्कूटरला दोन, रिक्षाला तीन, आणि या हातभर फळीला बसच्या पंक्तीत बसवणारी चार. शिवाय विजेच्या मोटरला सीसी नसतातच.

वकिली डोकं असलेला माणूस इथे 'रस्त्यावर वापरण्याजोगं' या शब्दांवर अडेल. १९७४ मध्ये बोलानी ओअर्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे खाणीतल्या डंपरांचा प्रश्न आला होता, तेव्हा या शब्दांचा अर्थ 'रस्त्यावर वापरायला योग्य' असा लावला गेला. मग कोणी म्हणेल की एवढ्याएवढ्या चाकांची फळी रस्त्याच्या योग्यतेची नाहीच, सबब ती मोटार वाहनही नाही. युक्तिवाद गमतीचा आहे, पण स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेणारा. जी वस्तू रस्त्यावर वापरायला योग्य नाही असं तुम्ही कोर्टाला पटवणार, ती घेऊन तुम्ही रस्त्यावर काय करत होता, हा पुढचा प्रश्न ठरलेला.

खरी सवलत वेगळ्या जागी आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मध्ये बॅटरीवरच्या वाहनाची व्याख्या आहे आणि तिला जोडून एक सूट. मोटरची 'तीस मिनिटांची शक्ती' २५० वॅटपेक्षा कमी आणि कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असेल, तर ते मोटार वाहन धरलं जात नाही. लायसन्सशिवाय चालणाऱ्या कमी वेगाच्या ज्या ई-स्कूटर आपल्याला गल्लोगल्ली दिसतात, त्या याच दरवाजाने आत आल्या. पण दरवाजावर एक पहारेकरी आहे. या अटी पूर्ण होतात हे नियम १२६ मधल्या चाचणी संस्थेने तपासून मान्य केलेलं असलं पाहिजे. पुण्याच्या वेताळ टेकडीवरची एआरएआय ही त्यातली आपल्याला जवळची संस्था. खोक्यावर छापलेलं '२५० वॅट' किंवा दुकानदाराचं "लायसन्स लागत नाय साहेब" याला त्या प्रमाणपत्राची किंमत नाही.

तीस मिनिटांची शक्ती ही भानगड जरा थांबून समजून घेण्यासारखी आहे, कारण जाहिरातींची सगळी गंमत तिथे आहे. सुटलेली लोकल पकडायला आपण फलाटावर जे धावतो, त्याच जोराने अर्धा तास धावून दाखवा म्हटलं तर? मोटरचंही तसंच. काही सेकंद ती भरपूर जोर काढते, पण न तापता अर्धा तास सलग जेवढा काढेल तेवढीच तिची खरी कुवत. कायदा ती कुवत विचारतो. जाहिरातीत कधी फलाटावरच्या धावण्याचा आकडा मिरवतात, तर कधी कायद्याला बरा दिसावा म्हणून एकाच मोटरचा आकडा छापतात आणि मोटरी मात्र दोन बसवतात. भाच्याच्या बोर्डवर निदान प्रामाणिकपणे ३५० गुणिले दोन लिहिलेलं होतं. म्हणजे ७०० वॅट, मर्यादेच्या जवळजवळ तिप्पट.

२५० हा आकडा कोणी हवेतून काढलेला नाही. ढोबळ हिशेब करून बघा. सत्तर किलोचा माणूस आणि आठेक किलोचा बोर्ड सपाट रस्त्यावर ताशी २५ ने न्यायचा तर चाकांचं घर्षण आणि समोरची हवा मिळून साधारण सव्वादोनशे वॅट खातात. म्हणजे पाव किलोवॅटची मोटर सपाटीवर आपोआप त्याच वेगाच्या आसपास दमते. पण तिला फ्लायओव्हर चढवा. तीस फुटांना एक फूट असा चढ असला तरी तोच वेग टिकवायला आणखी पावणेदोनशे वॅटच्या आसपास लागतात. म्हणून कंपन्या मोठ्या मोटरी बसवतात. त्यांचा हेतू चढाचा असतो आणि परिणाम सपाटीवरच्या ३८ च्या वेगात होतो.

"पण यात इको मोड आहे, त्यात वीसच्या वर जातच नाही," भाचा. रिमोट अंगठ्याने दोनदा दाबला की इकोचा स्पोर्ट मोड होतो, हे त्यानेच मला पाच मिनिटांपूर्वी दाखवलं होतं.

तर हा बोर्ड व्याख्येने मोटार वाहन झाला. मग पुढचं सगळं लटांबर मागे आलं: सार्वजनिक जागी चालवायला लायसन्स, आरटीओत नोंदणी, थर्ड पार्टी विमा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनालायसन्स चालवण्याचा दंड ५ हजार, नोंदणी नसल्यास पहिल्या खेपेला ५ हजारांपर्यंत, विमा नसल्यास २ हजार किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. शिवाय कलम २०७ खाली पोलिस वाहन जप्त करू शकतात.

मग नोंदणी करून टाकू, असं वाटेल. करा बघू. ताडदेवला किंवा अंधेरीला बोर्ड बगलेत मारून गेलात तर खिडकीवरचा माणूस पहिल्यांदा टाइप अप्रूव्हल मागेल, म्हणजे त्या मॉडेलचा नमुना चाचणीत पास झाल्याचा कागद. तो उत्पादकाने किंवा आयात करणाऱ्याने काढायचा असतो, तुम्ही-मी नाही. आणि समजा कोणी काढायला गेलाच, तर मोटार वाहनाला हॉर्न, दिवे, आरसा, नंबर प्लेट हे सगळं लागतं. आरसा कुठे बसवणार, गुडघ्यावर? थोडक्यात, कायदा म्हणतो नोंदणी कर, आणि नोंदणीची वाटच बंद. दुकानात उजळ माथ्याने विकल्या जाणाऱ्या वस्तूला रस्त्यावर मात्र कायदेशीर जागा नाही, अशी ही अवस्था आहे. विकत घेता येणं आणि रस्त्यावर चालवता येणं हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि दुकानदार फक्त पहिल्याचं उत्तर देतो.

दाजींचा फोन आला तेव्हा मी त्यांना कलम १९९-अ वाचून दाखवलं. अठराच्या आतल्या मुलाने वाहनाचा गुन्हा केला तर पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जातो: तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड, आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. पलीकडून बराच वेळ आवाज नाही. मग म्हणाले, "तुमच्या बहिणीला सांगा हे. घ्यायला हो तिने म्हटलंय."

माझ्या धंद्यात मला दंडापेक्षा विम्याचा भाग जास्त खुपतो. काही वर्षांपूर्वी एका कारचा सर्व्हे करायला गेलो होतो. 'विनालायसन्स'ची म्हणून घेतलेली एक बॅटरी स्कूटर गल्लीतून आडवी आली, कारवाल्याने तिला वाचवायला स्टिअरिंग कापलं, तरी स्कूटर घसरून कडेने चाललेल्या एका आजोबांना लागली. कारचा बंपर विम्यातून बदलला गेला. आजोबांच्या मनगटातल्या प्लेटचे पैसे मात्र स्कूटरवाल्या पोराच्या वडिलांनी सोसायटीच्या पतपेढीतून कर्ज काढून दिले. त्या स्कूटरचा वेग चाळीसच्या पुढे जात होता, म्हणजे सवलत नव्हती. नोंदणी नव्हती, म्हणून विमा नव्हता. स्केटबोर्डचं चित्र यापेक्षा वेगळं नाही. मोटार वाहनाच्या अपघातात मृत्यू झाला तर ५ लाख आणि गंभीर दुखापत झाली तर अडीच लाख, चूक कोणाची हे न विचारता, अशी भरपाई कलम १६४ मध्ये आहे. विमा असेल तर ती विमा कंपनी भरते. नसेल तर मालक.

आणि बोर्ड अगदी सवलतीत बसणारा, प्रमाणपत्रवाला मिळाला तरी भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ उरतंच. सार्वजनिक रस्त्यावर कुठलंही वाहन दुसऱ्याच्या जिवाला धोका होईल इतक्या बेदरकारपणे हाकलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजारापर्यंत दंड. हे कलम मोटर आहे की नाही ते विचारत नाही, सायकललाही लागतं.

'सार्वजनिक जागा' म्हणजे काय, यावर सोसायट्यांच्या मीटिंगा गाजू शकतात. कायद्याप्रमाणे लोकांना जिथे जाण्याचा हक्क आहे ती सार्वजनिक जागा, मग ती रहदारीची वाट असो वा नसो. मरीन ड्राइव्हचा कट्टा, कार्टर रोड, शिवाजी पार्कभोवतीचा रस्ता, कोस्टल रोडलगतचा चालण्याचा मार्ग, सगळं त्यात आलं. पहाटे साडेपाचला रस्ता रिकामा असतो हे खरं, पण कायद्याला घड्याळ नाही. फुटपाथ तर त्याहून नाही. मोटार वाहनाला तिथे बंदीच आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी मुंबईत फुटपाथवर जो काही दीड-दोन फूट उरतो, तो चालणाऱ्यांच्या वाट्याचा. गेट लावलेलं सोसायटीचं आवार, कंपनीचं बंदिस्त कॅम्पस, मालकाच्या परवानगीने भाड्याने घेतलेलं मैदान, एवढीच काय ती मोकळीक.

तरीही आम्ही रविवारी सकाळी शिवाजी पार्कला गेलो. बोर्ड हातात धरून, शपथेवर. नारळवाल्याजवळ एक ट्रॅफिक हवालदार उभे होते.

"काय आहे हे? पोरांची गाडी?"

"स्केटबोर्ड आहे, काका. बॅटरीवर चालतो."

त्यांनी तो हातात घेतला, वजनाचा अंदाज घेतला, चाक बोटाने फिरवलं. मग उलटा करून मागची बाजू शोधली. "नंबर कुठंय याचा?" भाच्याने माझ्याकडे पाहिलं. हवालदार हसले. "हातात हाय तोवर आपलं काय म्हणणं नाय."

वस्तुस्थिती अशी आहे की कायदा उद्या बदलला तरी हे शहर या चाकांच्या बाजूचं नाही. भाच्याच्या बोर्डचं चाक मी फूटपट्टीने मोजलं: ९० मिलिमीटर. चहाच्या बशीहूनही लहान. स्कूटरचं मोठं चाक ज्या खड्ड्यावरून नुसतं उडतं, त्यात हे चाक बसतं आणि थांबतं. बोर्ड थांबतो, वरचा माणूस थांबत नाही. उखडलेले पेव्हर ब्लॉक, मॅनहोलची वर आलेली झाकणं, फ्लायओव्हरवरचे लोखंडी सांधे, मेट्रोच्या बॅरिकेडजवळची खडी, यातलं प्रत्येक एकेक पुरेसं आहे. मी हे पुस्तकातून सांगत नाही. ताईच्या सोसायटीच्या आवारात, वय विसरून, इको मोडमध्ये मी एक फेरी मारली. गटाराच्या जाळीची एक पट्टी दोन बोटं खाली दबलेली होती. कोपराचं सालपट तिसऱ्या आठवड्यात गेलं.

ब्रेकची गोष्ट मात्र विकणारा तुम्हाला क्वचितच सांगेल. या बोर्डाला सायकलसारखे ब्रेक नसतात. ब्रेक दाबला की मोटर उलटी जनरेटर होते, चाकाचा वेग खाऊन वीज बनवते आणि ती बॅटरीत परत ढकलते. छान कल्पना. पण बॅटरी शंभर टक्के भरलेली असेल तर ती वीज जाणार कुठे? बॅटरीला जपणारं सर्किट दार बंद करतं आणि ब्रेक ढिला पडतो, काही बोर्डांत गायबच होतो. म्हणजे पाली हिलवर राहणाऱ्याने रात्रभर चार्ज करून सकाळी घरासमोरच्या उतारावर पाय ठेवला, तर सगळ्यात गरजेच्या क्षणी ब्रेक नाही. उतारापासून सुरुवात असेल तर बॅटरी थोडी रिकामी ठेवूनच निघायचं. रिमोटचा संपर्क तुटला तरी तेच, बोर्ड मोकळा धावत राहतो. म्हणून निघण्याआधी रिमोटचं चार्जिंग बघायचं, हे भाच्याला मी तीनदा सांगितलं.

वेगाचंही तसंच. ताशी २५ ला आपण सेकंदाला सात मीटर जातो, ३८ ला साडेदहा. समोर कुत्रं आलं हे कळून अंगठा हलेपर्यंत एक सेकंद जातो, आणि पडल्यावर बसणारा मार वेगाच्या वर्गाने वाढतो: २५ पेक्षा ३८ ला सव्वादोनपटीहून जास्त. हेल्मेट पूर्ण चेहऱ्याचं, मनगटाला आणि गुडघ्याला पॅड. पावसाळ्यात चार महिने बोर्ड माळ्यावर. पाण्याखालचा खड्डा दिसत नाही आणि लिथियम बॅटरीला डबकं मानवत नाही. चार्जिंग रात्री झोपताना दाराजवळच्या पॅसेजमध्ये नको, जागं असताना, नजरेसमोर.

परदेशातून कोणी हा बोर्ड आणणार असेल तर विमानातच पहिला अडथळा. व्होल्ट गुणिले अँपिअर-तास म्हणजे वॅट-तास. भाच्याच्या बॅटरीचे २७० होतात. प्रवासी विमानात १०० ते १६० वॅट-तासांची बॅटरी एअरलाइनच्या परवानगीने जाते, त्यावर अजिबात नाही. बूस्टेड नावाच्या अमेरिकन कंपनीने आपल्या सुरुवातीच्या बोर्डात मुद्दाम ९९ वॅट-तासांची बॅटरी बसवली होती, ती याच हिशेबाने. कंपनी २०२० मध्ये बंद पडली, ते वेगळं.

तिकडे सगळं मोकळं आहे असा इकडे समज असतो. तसं नाही. कॅलिफोर्नियात १९७५ च्या सुमारास पेट्रोल इंजिनाचे स्केटबोर्ड निघाले, आवाज आणि धुराने लोक वैतागले आणि मोटरवाल्या बोर्डांवर बंदी आली. बॅटरीचे बोर्ड आल्यावरही ती तशीच होती. शेवटी २०१५ मध्ये कायदा झाला आणि १ जानेवारी २०१६ पासून विजेच्या बोर्डांना वेगळी जात मिळाली: वय किमान १६, हेल्मेट सक्तीचं, वेग ताशी १५ मैलांपर्यंत, आणि रस्ता असा की जिथे वेगमर्यादा ३५ मैलांच्या आत आहे किंवा सायकलची वाट आहे. जर्मनीने २०१९ मध्ये ई-स्कूटरना परवानगी देताना हँडल हवंच अशी अट घातली, त्यामुळे हे बोर्ड बाहेरच राहिले. ब्रिटनमध्ये ते मोटार वाहनच समजले जातात आणि खासगी जागेबाहेर चालत नाहीत. फुटपाथवर चढवले तर चक्क १८३५ चा हायवे ॲक्ट आडवा येतो. घोडागाडीच्या काळातला.

मला विचाराल तर कॅलिफोर्नियाची वाट शहाणपणाची आहे. वस्तूला नाव द्यावं, वय ठरवावं, वेग ठरवावा, जागा ठरवावी, आणि वॅटची तपासणी विकण्याआधी करावी, विकल्यावर पोराच्या बगलेत नाही. आपल्याकडे मात्र त्याआधी सायकलला सलग दोन किलोमीटरची वाट मिळाली तरी मी पेढे वाटेन.

भाच्याला मी विकणाऱ्याला मेल करायला लावली: नियम १२६ खालचं प्रमाणपत्र आहे का? चार दिवसांनी उत्तर आलं. 'प्रिय ग्राहक, हे उत्पादन फक्त खासगी जागेत वापरण्यासाठी आहे. कृपया मॅन्युअल पाहावे.' मॅन्युअलमध्ये ते खरोखर होतं, शेवटच्या पानावर, वॉरंटीच्या खाली.

"मग जाहिरातीत तो माणूस क्वीन्स नेकलेसवरून कसा जातो?" भाचा.

आता ताईच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी रविवारी सकाळी सात ते आठ आवार दिलंय. अटी दोन: हेल्मेट, आणि त्या गटाराच्या जाळीवर आधी फळी टाकायची. वॉचमन काकांनी तिसरी घातली आहे, एक फेरी त्यांची.